शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणारी गोळी: शेवटचा डोस आणि पुन्हा पहिला डोस

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी समोर येऊन बसलेल्या आजींनी प्लास्टिकची पिशवी उघडून त्यातल्या गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या टेबलावर ओतल्या. सहा-सात पट्ट्या होत्या. त्यांतली एक दुकानदाराने अशी कापून दिलेली होती, की औषधाचे नाव कापलेल्या तुकड्याबरोबर निघून गेले होते आणि हातात उरल्या होत्या त्या नुसत्या चार गोळ्या. ही कशाची गोळी, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, "ती रक्त पातळ व्हायची. झडप बसवल्यापासनं घेते. पण आता ऑपरेशन म्हटल्यावर बंद केली, चार दिवस झाले." पित्ताशयातल्या खड्यांसाठी त्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि तिची तारीखही अजून ठरलेली नव्हती. खोली शांत होती, त्यामुळे स्टेथोस्कोप न लावताही त्यांच्या छातीतल्या कृत्रिम झडपेची बारीक टकटक मला ऐकू येत होती.

भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना असा प्रसंग माझ्यासमोर वारंवार येतो. शस्त्रक्रिया म्हटली की रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची, एवढे बहुतेकांना माहीत असते; परंतु कोणती गोळी, किती दिवस आधी, कोणाच्या सांगण्यावरून आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे पुष्कळदा रुग्णाला सांगितलेले नसते, आणि सांगितले असले तरी लिहून दिलेले नसते. आजींची गोळी कोणीही बंद करायला सांगितली नव्हती. शेजारच्या एकाला त्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितले होते, ते ऐकून त्यांनी ती बंद केली होती.

मुळात या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घातल्यावर दूध पातळ होते, तसे काहीही इथे घडत नाही. रक्ताचा दाटपणा आहे तेवढाच राहतो, फक्त त्याची गोठण्याची क्रिया मंद होते. नाव रूढ झाले आहे म्हणून मीही तेच वापरतो, परंतु 'माझे रक्त आधीच पातळ आहे, मग ही गोळी कशाला' असे म्हणून ती सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे हा फरक सांगणे मला आवश्यक वाटते.

रक्त गोठते ते दोन टप्प्यांत. शेताच्या पाटाला भगदाड पडले, तर माणसे आधी हाताला लागतील ती ढेकळे आणि दगड त्यात टाकतात आणि मग ते वाहून जाऊ नयेत म्हणून वरून काट्याकुट्यांची विणलेली बांधणी करतात. रक्तवाहिनीला इजा झाली की प्रथम रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, तिथे धावून येऊन एकमेकींना चिकटतात. ही झाली ढेकळे. मग यकृतात तयार होणारे गोठण घटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांचे जाळे त्यावर विणले जाते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर आणि प्रासुग्रेल ही औषधे पहिल्या टप्प्यावर काम करतात. वॉरफरिन, आपल्याकडे बरेच वापरले जाणारे अ‍ॅसेनोकूमारोल, आणि गेल्या काही वर्षांत आलेली डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान व अ‍ॅपिक्साबान ही औषधे दुसऱ्या टप्प्यावर काम करतात. सामान्य बोलीत या सगळ्यांना एकच नाव असले, तरी शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे हिशेब पूर्णपणे वेगळे असतात, आणि म्हणूनच नाव कापलेली पट्टी आमच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते.

ही औषधे दिली जातात ती नको तिथे होणारी गुठळी टाळण्यासाठी. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर हृदयाच्या कप्प्यात रक्त रेंगाळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. लहानपणीच्या सांधेतापाने झडप निकामी होऊन कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण आपल्याकडे आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली, १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेलेली चित्रा झडपही अनेक भारतीयांच्या छातीत चालू आहे. अशी यांत्रिक झडप कोणत्याही बनावटीची असली, तरी ती शरीराला परकीच असते आणि गोळी बंद झाली की तिच्यावर गुठळी जमू लागण्याचा धोका असतो. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेल्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी वैद्य दोन भीतींच्या मध्ये उभा असतो. गोळी चालू ठेवली तर रक्तस्राव होण्याची भीती, आणि बंद केली तर गुठळीची. शस्त्रक्रियेने गुठळीचा धोका वाढतोही, कारण ऊतींना इजा झालेली असते, रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो आणि शरीर स्वतःहून रक्त गोठवण्याच्या तयारीत असते. रक्तस्राव बहुधा डोळ्यांना दिसतो, आणि टाके, रक्त किंवा प्रसंगी दुसरी शस्त्रक्रिया करून बऱ्याचदा तो आवरता येतो. मेंदूत गेलेल्या गुठळीने हिरावलेला हात किंवा वाचा मात्र पुष्कळदा परत मिळत नाही. मला स्वतःला या दोहोंतली दुसरी भीती अधिक वाटते, आणि रुग्णांच्या घरी मात्र बहुधा पहिलीचीच चर्चा चालते.

म्हणून पहिला प्रश्न 'किती दिवस आधी बंद करायची' हा नसून 'बंद करायची तरी का' हा असला पाहिजे. एखादी-दुसरी दाढ काढण्यासाठी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा त्वचेवरची लहान गाठ काढण्यासाठी ही औषधे सहसा बंद करावी लागत नाहीत. दाढ काढताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, मर्यादेत आहे ना, एवढे आधी पाहून जागेवर टाका घालता येतो आणि रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने चूळ भरायला देता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता बहुधा डोळ्यात थेंब टाकून बधिर करून केली जाते आणि डोळ्याच्या ज्या भागात ती होते तिथे रक्तवाहिन्याच नसतात. तरीही दाढेसाठी म्हणून आठवडाभर गोळी सोडून बसलेला रुग्ण मी पाहिला आहे, आणि त्याला भेटण्याची वेळ आली ती अर्धांगवायूनंतर. दाढ काढणाऱ्याने किंवा घरातल्यांनी ती गोळी ज्याने सुरू केली त्या डॉक्टरांना एक फोन केला असता, तर हे टळण्याची शक्यता होती.

पोटाची, सांधे बदलण्याची, प्रोस्टेटची, मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया असेल, तेव्हा मात्र गोठण घटकांवरची गोळी थांबवावी लागते. किती आधी थांबवायची, हे ते औषध शरीरातून कसे उतरते यावर ठरते.

वॉरफरिनची कथा इथे थोडी सांगतो, कारण तिच्यातच या प्रश्नाचे मूळ आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेले स्वीट क्लोव्हर नावाचे वैरण खाल्लेली जनावरे, शिंगे काढण्यासारख्या लहानशा शस्त्रक्रियेनंतरही रक्तस्राव न थांबल्याने मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फातून गाडी हाकत विद्यापीठात पोहोचला, त्याच्याबरोबर मेलेली कालवड होती आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठलेले रक्त. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढच्या काही वर्षांत त्या वैरणीतला कारणीभूत पदार्थ शोधून काढला, आणि त्याच घराण्यातले वॉरफरिन १९४८ साली आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५४ पासून ते माणसांसाठी वापरले जाऊ लागले आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. 'ही उंदराच्या औषधाची गोळी आहे' असा संदेश फोनवर वाचून घाबरलेल्यांना मी एवढेच सांगतो, की सगळा फरक मात्रेचा आहे, आणि ती मात्रा मोजण्यासाठीच तर आयएनआरची तपासणी असते.

वॉरफरिन आणि अ‍ॅसेनोकूमारोल ही औषधे यकृताला 'के' जीवनसत्त्व वापरू देत नाहीत, त्यामुळे काही गोठण घटक अर्धवट, निकामी अवस्थेत तयार होतात. गोळी थांबवल्यावर यकृताने ते घटक पुन्हा नव्याने घडवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. वॉरफरिन म्हणून साधारण ५ दिवस आधी थांबवतात. अ‍ॅसेनोकूमारोल शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे तिथे बहुधा २ ते ३ दिवस पुरतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आयएनआर तपासतात. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो, ही औषधे घेणाऱ्याचा बहुधा २ ते ३ ठेवतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तो दीडच्या खाली आलेला हवा असतो. मेथी, पालक, चाकवत, शेपू यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असल्याने या भाज्या कायमच्या बंद करायला सांगितल्याचे रुग्ण म्हणतात. तसे करण्याची गरज नसते. आठवड्यात जेवढी पालेभाजी खाता, तेवढीच साधारण नेमाने खात राहिले की मात्रा तिच्याशी जुळवता येते.

नव्या औषधांचा हिशेब सोपा आहे, कारण ती गोठण घटकाला थेट अडवतात आणि त्यांचा बराच भाग सुमारे अर्ध्या दिवसात उतरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पॉझ नावाच्या अभ्यासात ३,००७ रुग्णांसाठी एकच साधा नियम पाळला गेला: रक्तस्रावाचा धोका कमी किंवा मध्यम असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीचा १ दिवस गोळी नाही, धोका जास्त असेल तर २ दिवस नाही, आणि नंतर पहिल्या गटात साधारण २४ तासांनी, दुसऱ्यात ४८ ते ७२ तासांनी पुन्हा सुरू. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण औषधानुसार ०.९ ते १.८५ टक्के राहिले. यात एक मोठा अपवाद मूत्रपिंडाचा आहे. डॅबिगाट्रानचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो, म्हणून ती कमजोर असतील तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी हा काळ ४ दिवसांपर्यंत वाढवावा लागतो. क्रिएटिनिनची तपासणी आम्ही मागतो ती यासाठीच. त्या तपासणीला 'पित्ताशयाच्या ऑपरेशनला किडनीची तपासणी कशाला' असे म्हणून विरोध करू नये.

गोळी बंद असलेल्या दिवसांत पोटाच्या त्वचेखाली हेपरिनच्या गटातली, रक्त गोठू न देणारी इंजेक्शने द्यायची पद्धत बरीच वर्षे सरसकट पाळली जात होती. गोळीचा परिणाम उतरतो आहे आणि शस्त्रक्रिया व्हायची आहे, या मधल्या दरीवर तो साकव समजला जाई. २०१५ साली ब्रिज नावाच्या अभ्यासाने ही समजूत हलवली. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या आणि वॉरफरिन घेणाऱ्या १,८८४ रुग्णांत, इंजेक्शने न दिलेल्या गटात गुठळीचे प्रकार ०.४ टक्के झाले आणि दिलेल्या गटात ०.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. परंतु मोठा रक्तस्राव मात्र अनुक्रमे १.३ आणि ३.२ टक्के झाला. त्यामुळे ठोके अनियमित असलेल्या बहुतेक रुग्णांना आता ही इंजेक्शने देत नाहीत. यांत्रिक झडपेचे रुग्ण या अभ्यासात नव्हते, आणि विशेषतः डाव्या बाजूच्या मिट्रल जागी झडप असलेल्यांबाबत, किंवा गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात अथवा गुठळी झालेल्यांबाबत, इंजेक्शनांचा विचार अजूनही करावा लागतो. त्या आजी याच गटातल्या होत्या.

बिंबिकांवरची औषधे पूर्ण वेगळ्या रीतीने उतरतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ज्या बिंबिकेला चिकटतात ती तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सुमारे ७ ते १० दिवस, निकामी राहते. औषध रक्तातून गेले तरी परिणाम जात नाही, शरीराने नव्या बिंबिका घडवाव्या लागतात. म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात; टिकाग्रेलोर ३ ते ५ दिवस आधी. परंतु स्टेंट नवा असेल, तर ही गोळी थांबवणेच धोक्याचे असते. स्टेंटची जाळी आतून रक्तवाहिनीच्या अस्तराने झाकली जाईपर्यंत तिच्यावर गुठळी होण्याची भीती असते, आणि तसे झाले तर ते थेट हृदयविकाराच्या झटक्याच्या रूपाने समोर येते. यामुळे टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया स्टेंटनंतर साधारण ६ महिने, आणि स्टेंट झटक्यानंतर बसवला असेल तर शक्यतो १२ महिने पुढे ढकलावी, असा सल्ला देतात. त्याआधी करणे भागच असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून ठरवायचे असते. स्टेंट असलेल्यांची अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. ज्यांना स्टेंट नाही, त्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी केवळ संरक्षण म्हणून अ‍ॅस्पिरिन दिल्याने फायदा दिसत नाही. २०१४ च्या एका मोठ्या, १०,०१० रुग्णांच्या अभ्यासात तिने झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून पुण्यामुंबईला जाऊन, बऱ्याचदा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, स्टेंट किंवा झडप बसवून आलेले अनेक रुग्ण असतात आणि हर्निया किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया मात्र तालुक्याला होते. स्टेंटची तारीख त्या डिस्चार्ज कार्डावर असते. ते कार्ड घरात कुठे आहे, हे घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक असावे.

माझ्या कामाशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे कमरेतून दिलेली भूल. पाठीतून सुई घालताना मणक्याच्या पोकळीत एखादी बारीक शीर दुखावली जाऊ शकते. एरवी तिचे काही वाटत नाही, कारण रक्त लगेच गोठते. औषधाचा परिणाम शिल्लक असेल तर मात्र त्या अरुंद पोकळीत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येतो आणि काही तासांत दोन्ही पायांची ताकद कायमची जाऊ शकते. हे क्वचित घडते, परंतु घडल्यावर भरून येत नाही. म्हणूनच शल्यविशारदाला चालणारी वेळ मला चालतेच असे नाही: नव्या गोळ्यांसाठी आम्ही पाठीत सुई घालण्याआधी साधारण ७२ तासांचे अंतर ठेवतो. 'गोळी परवापर्यंत घेतली' हे रुग्णाने टेबलावर झोपल्यावर सांगितले, तर तो बेत बदलावा लागतो. रागावतील म्हणून ही गोष्ट लपवू नये.

हे सगळे वेळ हाताशी असताना. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण येतो तेव्हा ५ दिवस थांबणे परवडत नाही. वॉरफरिनवर 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन काही तासांत काम करते, आणि त्याहून घाई असेल तर गोठण घटकांचे संहत द्रावण किंवा ताजा गोठवलेला प्लाझ्मा देतात. डॅबिगाट्रानवर इडारुसिझुमॅब नावाचा थेट उतारा आहे, मात्र तो प्रत्येक रुग्णालयात ठेवलेला नसतो. अशा वेळी पहिल्या तासात नातेवाइकांनी गोळीची पट्टी आणून दाखवणे, आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली हे सांगणे, यानेच पुढची दिशा ठरते.

आता ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, ते पुन्हा सुरू करणे. बंद करण्याची तारीख कोणीतरी सांगतेच, पण डिस्चार्जच्या कागदावर प्रतिजैविके, पोटाची गोळी आणि वेदनाशामक असतात आणि रक्ताची गोळी नसते. रुग्ण समजतो, की लिहिली नाही म्हणजे बंद झाली. शल्यविशारद समजतो, की ती हृदयाच्या डॉक्टरांची बाब आहे, आणि हृदयाचे डॉक्टर शंभर किलोमीटरवर असतात. वॉरफरिनसारखी गोळी शस्त्रक्रियेच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच मात्रेत सुरू करता येते, कारण तिचा पूर्ण परिणाम यायला ५ दिवसांच्या आसपास लागतात. नव्या गोळ्यांचा परिणाम काही तासांतच होतो, म्हणून त्यांना जखम स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. या दिवसांत जेवण कमी असते आणि प्रतिजैविके चालू असतात. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने आयएनआर नेहमीच्या मात्रेवरही वर चढतो, त्यामुळे तो लवकर तपासावा लागतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आणून घेऊ नये. पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे.

आजींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली, हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी ठेवली. त्यांच्या नातवाने कालनिर्णयच्या पानाचा फोटो काढून त्यावर लिहून घेतले: शुक्रवारी रात्री शेवटची गोळी; शनिवार, रविवार, सोमवार गोळी नाही; रविवारी सकाळ-संध्याकाळ आणि सोमवारी फक्त सकाळी पोटात इंजेक्शन; सोमवारी आयएनआर. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच रात्री गोळी सुरू झाली. बुधवारी संध्याकाळी जखम पाहून इंजेक्शने पुन्हा चालू केली, आणि झडपेसाठी ठरलेल्या अडीच ते साडेतीनच्या मर्यादेत आयएनआर आल्यावर ती थांबवली. हे वेळापत्रक त्यांचे होते. त्यांचे वय, वजन, मूत्रपिंड आणि झडपेची जागा पाहून ठरवलेले. दुसऱ्याने ते उतरवून घेण्यासारखे नाही.

घरी जाताना आजींना काळजी घेण्याच्या गोष्टी सांगितल्या: काळी शौच, न थांबणारे नाकातले रक्त, पोट फुगणे, अचानक जीभ जड होणे, हातातली वस्तू गळून पडणे. शेवटी विचारले, "रात्री झडपेचा आवाज ऐकू येतो का?" "येतो की, त्याच्याशिवाय झोप येत नाही आता," त्या म्हणाल्या. मग त्यांना आणि नातवाला सांगितले, की तो आवाज कधी दबल्यासारखा वाटला किंवा ऐकू येईनासा झाला, आणि त्याबरोबर दम लागू लागला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. गाडी करा आणि झडप बसवली त्या रुग्णालयात थेट या.